जुन्या मोटारगाड्यांतील पेट्रोलचा वास

जुन्या मोटारगाड्यांतील पेट्रोलचा वास हे गाडीच्या इंधनव्यवस्थेतील गळतीचे, झिरपण्याचे किंवा सदोष ज्वलनाचे लक्षण आहे. क्लासिक किंवा विंटेज म्हणून जतन केलेल्या, विशेषतः कार्ब्युरेटर असलेल्या गाड्यांमध्ये हे लक्षण वारंवार आढळते. जुनी गाडी म्हटली की थोडा वास यायचाच, असा समज गाडीमालकांत आणि कारागिरांतही रूढ आहे. जुन्या रचनेमुळे काही प्रसंगी अल्पकाळ वास येणे स्वाभाविक असले, तरी सतत येणारा, नव्याने सुरू झालेला किंवा वाढत जाणारा वास हा दोषाचा पुरावा असतो. त्याचे मूळ शोधून दुरुस्ती न केल्यास आग लागण्याचा, तसेच प्रवाशांच्या आरोग्याला अपाय होण्याचा धोका संभवतो.

या दोषाच्या निदानात वास केव्हा, कोठे आणि कोणत्या परिस्थितीत येतो याची नोंद सर्वांत उपयुक्त ठरते. एकामागून एक सुटे भाग बदलत जाण्यापेक्षा या नोंदीवरून संशयाचे क्षेत्र आधी निश्चित करणे व मगच गाडीला हात लावणे, ही पद्धत कमी खर्चाची आणि अधिक सुरक्षित आहे.

पार्श्वभूमी

आधुनिक गाडीची इंधनव्यवस्था बंदिस्त असते. टाकीत तयार होणारी वाफ कोळशाच्या डब्यात शोषली जाते आणि इंजिन चालू असताना तेथून खेचून जाळली जाते. अशी व्यवस्था प्रथम अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १९७० च्या मॉडेलपासून आणि १९७१ पासून उर्वरित अमेरिकेत सक्तीची झाली. तत्पूर्वीच्या गाड्यांची, तसेच त्यानंतरही इतर देशांत बनत राहिलेल्या अनेक गाड्यांची टाकी आणि कार्ब्युरेटर थेट बाहेरच्या हवेशी जोडलेले असत.

भारतात कार्ब्युरेटरच्या गाड्या दीर्घकाळ तयार होत राहिल्या. मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० च्या धर्तीवर बनू लागलेली आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली गेलेली गाडी, तसेच पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे मॉरिस ऑक्सफर्डच्या आधारे बनलेली व २०१४ पर्यंत उत्पादनात असलेली 'हिंदुस्तान अँबेसिडर' ही त्याची परिचित उदाहरणे होत. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून निवृत्त झाली. मात्र खाजगी मालकीच्या अनेक पद्मिनी, अँबेसिडर आणि परदेशी जुन्या गाड्या आजही जतन केल्या जात आहेत. या गाड्यांतील रबर, बुचाची गॅस्केट आणि पत्रा यांचे वय आता अनेक दशकांचे आहे.

पेट्रोलच्या वाफेचे गुणधर्म आणि धोके

पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील हलके घटक सामान्य तापमानालाच भराभर वाफ होतात. पेट्रोलचा ज्वलनांक उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपास असल्यामुळे भारतातील कोणत्याही ऋतूत त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. हवेतील वाफेचे प्रमाण सुमारे १.४ ते ७.६ टक्के असताना मिश्रण ज्वलनशील ठरते. याचा व्यावहारिक अर्थ असा, की बंद जागेत १०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा पेला पेट्रोल पूर्णपणे वाफ झाले, तरी सुमारे एक घनमीटर हवा पेट घेण्याजोगी होऊ शकते.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर निघून न जाता जमिनीलगत पसरते व डिक्कीचा तळ, गॅरेजमधील तपासणीचा खड्डा, गटार अशा खोलगट जागी साचते. त्यामुळे उभ्या माणसाला वास मंद जाणवत असतानाच पायाजवळ धोकादायक मिश्रण तयार झालेले असू शकते.

पेट्रोलमध्ये अल्प प्रमाणात बेंझीन असते आणि बेंझीन कर्करोगकारक असल्याचे सिद्ध झाले आहे. वाफेत दीर्घकाळ श्वास घेतल्यास डोकेदुखी, मळमळ, चक्कर व डोळ्यांची आग असे त्रास होतात. गाडी चालवणाऱ्याच्या बाबतीत याचा परिणाम एकाग्रतेवरही होतो.

मानवी नाक पेट्रोलचा वास अतिशय कमी प्रमाणातही ओळखते, परंतु सतत त्याच वासात राहिल्यास काही मिनिटांत त्याची जाणीव बोथट होते. रोज तीच गाडी वापरणाऱ्या मालकाला न जाणवणारा वास प्रथमच गाडीत बसणाऱ्या पाहुण्याला लगेच जाणवतो, तो यामुळेच. म्हणून निदानाच्या वेळी दुसऱ्या व्यक्तीची मदत घेणे किंवा मोकळ्या हवेत पंधरा-वीस मिनिटे थांबून पुन्हा गाडीकडे येणे इष्ट असते.

इतर वासांपासून वेगळेपणा

गाडीत येणारा प्रत्येक उग्र वास कच्च्या पेट्रोलचा नसतो. निदानापूर्वी पुढील भेद ध्यानात घ्यावे लागतात.

• अर्धवट जळालेल्या पेट्रोलचा वास धुरकट व डोळ्यांना झोंबणारा असतो. त्याचा उगम एक्झॉस्टमध्ये असतो. एक्झॉस्टमध्ये कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही असतो. त्याला स्वतःचा वास नसल्यामुळे केबिनमध्ये एक्झॉस्टचा वास येणे ही तातडीने लक्ष देण्याची बाब आहे.
• सीएनजी किंवा एलपीजी किट बसवलेल्या गाड्यांत गळती ओळखता यावी म्हणून वायूत मिसळलेल्या गंधकयुक्त द्रव्याचा, कुजक्या कोबीसारखा वास येतो. सीएनजी हवेपेक्षा हलका, तर एलपीजी जड असतो.
• अनेक महिने उभ्या राहिलेल्या गाडीतील जुन्या पेट्रोलला व्हार्निशसारखा आंबूस वास येतो.
• डिक्कीत ठेवलेला पेट्रोलचा डबा, पूर्वी सांडलेले इंधन मुरलेला गालिचा किंवा गाडीतील तेलकट चिंध्या हेही वासाचे कारण असू शकते. इंधनव्यवस्थेला हात लावण्यापूर्वी या वस्तू बाहेर काढून एक-दोन दिवस गाडी उघडी ठेवून पाहावी.

इंधनाचा मार्ग

कार्ब्युरेटरच्या गाडीत इंधन ठरावीक मार्गाने वाहते. टाकीचे तोंड व झाकण, टाकी, इंधनाची पातळी मोजणारा सेंडर, गाडीच्या तळाखालून जाणारी धातूची नळी, तिला जोडणारे रबरी होज, फिल्टर, पंप, पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतची नळी आणि शेवटी कार्ब्युरेटरमधील फ्लोट चेंबर असा हा क्रम आहे. शोध घेताना याच क्रमाने, शक्यतो टाकीपासून इंजिनाकडे जावे.

पंपाच्या आधीच्या भागात चालू इंजिनाच्या वेळी खेचण्याचा दाब असतो. त्यामुळे तेथील बारीक चिरेतून पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरू शकते, आणि गळती गाडी उभी असतानाच दिसते. पंपानंतरच्या भागात सामान्यतः २ ते ५ पीएसआय इतका दाब असल्यामुळे तेथील गळती इंजिन चालू असताना वाढते. इंधन फवारणीची व्यवस्था असलेल्या काही जुन्या गाड्यांत हा दाब कितीतरी अधिक असतो व गळती थेंबांऐवजी तुषारांच्या रूपात होते. अशा गाड्यांना कार्ब्युरेटरच्या गाडीचे होज व क्लिपा चालत नाहीत.

वासाच्या वेळेवरून निदान

वास येण्याची वेळ आणि दोषाचे संभाव्य ठिकाण यांचा संबंध पुढीलप्रमाणे असतो.

• रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची डिक्की उघडताच वास: टाकी, सेंडरचे गॅस्केट, टाकीच्या तोंडाचा होज किंवा वाफ बाहेर नेणारी नळी.
• टाकी पूर्ण भरल्यावर किंवा वळणावरच वास, अर्धी टाकी असताना नाही: टाकीच्या वरच्या भागातील जोड, सेंडरचे गॅस्केट किंवा झाकणाचे रबर.
• टाकीतील पातळी कितीही असली तरी वास: टाकीचा तळ, तळाचा जोड किंवा खालची नळी.
• इंजिन चालू असताना बॉनेटजवळ वास: पंपानंतरचा होज, पंप किंवा कार्ब्युरेटर.
• इंजिन बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटे वास: उष्णतेमुळे फ्लोट चेंबरमधील पेट्रोलची होणारी वाफ.
• इंजिन बंद केल्यावर तासभर किंवा अधिक काळ वास: नीडल व्हॉल्व्हची गळती किंवा ओलसर झालेले जोड.
• फक्त सुरू करताना वास: अडकलेला चोक किंवा ॲक्सिलरेटर वारंवार दाबल्याने झालेले अतिरिक्त इंधन.
• डिपस्टिकवरील तेलाला वास व तेलाची पातळी वाढलेली: फाटलेला पंपाचा पडदा किंवा फार गडद मिश्रण.

एका आठवड्याची अशी नोंद ठेवल्यास बहुधा संशयाचे क्षेत्र एक-दोन भागांपुरते मर्यादित होते.

तपासणीची पद्धत

पहिली तपासणी गाडी थंड असताना, मोकळ्या जागेत आणि दिवसाच्या उजेडात करावी. पेट्रोल लवकर उडून जात असल्याने गळतीच्या जागी ओलावा दिसेलच असे नाही. मात्र वारंवार झिरपलेल्या जागी त्यातील रंगद्रव्य व डिंकासारखा अंश मागे राहतो. पितळी जोडाभोवतीचा पिवळसर-तपकिरी डाग, कार्ब्युरेटरच्या अंगावरील व्हार्निशसारखी चकाकी, तसेच धुळीने माखलेल्या टाकीवरील एखादा स्वच्छ धुतल्यासारखा पट्टा या गळतीच्या खुणा होत.

रात्री गाडीखाली टाकीपासून इंजिनापर्यंत कोरा पुठ्ठा पसरून ठेवल्यास सकाळी डागावरून जागा कळू शकते. मात्र थेंब नळीच्या कडेने वाहत जाऊन उगमापासून दूर पडतो, म्हणून डागाच्या वरचा सर्वांत उंच ओला बिंदू शोधावा लागतो.

होजच्या परीक्षेसाठी स्वच्छ कोरडे फडके होजभोवती घट्ट फिरवावे आणि गाडीपासून दूर नेऊन हुंगावे. होज बाहेरून कोरडा दिसत असूनही फडक्याला वास लागला, तर पेट्रोल रबराच्या भिंतीतून झिरपत आहे असे समजावे. प्रत्येक होजसाठी नवे फडके घेतल्यास गल्लत होत नाही.

काही ब्रिटिश गाड्यांत एसयू बनावटीचा विद्युत पंप असतो. गाडीची चावी फिरवल्यावर हा पंप काही वेळ टकटक करून फ्लोट चेंबर भरताच थांबतो. इंजिन बंद असूनही त्याची टकटक थांबत नसेल, तर पंपानंतर कोठेतरी पेट्रोल बाहेर जात आहे, नीडल व्हॉल्व्ह बसत नाही, किंवा टाकीच्या बाजूने हवा आत येत आहे, असा निष्कर्ष निघतो.

सूक्ष्म गळतीसाठी ज्वलनशील वायू ओळखणारे छोटे विद्युत उपकरण किंवा पेट्रोलमध्ये मिसळण्याचा चमकणारा रंग व अतिनील दिवा यांचा उपयोग होतो. आगपेटी, मेणबत्ती किंवा लायटर यांनी गळती शोधण्याचा प्रयत्न कोणत्याही परिस्थितीत करू नये.

प्रमुख कारणे आणि दुरुस्ती

टाकी

टाकीत जमणारे पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी साचते. त्यामुळे पत्रा आतून गंजतो व सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. तळाच्या सांध्याजवळ आणि टाकी बांधणाऱ्या पट्ट्यांखाली, जेथे चिखल व ओल अडकून राहते, तेथे हा दोष अधिक आढळतो. गळक्या जागेवर साबणाची वडी चोळण्याची किंवा इपॉक्सी लुकण भरण्याची रीत सर्वत्र परिचित आहे. साबण पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नसल्याने गाडी घरापर्यंत आणण्यापुरता हा उपाय चालतो, परंतु ती दुरुस्ती नव्हे.

कायमच्या दुरुस्तीसाठी टाकी उतरवून, रिकामी व वाफमुक्त करून, आतून स्वच्छ करावी लागते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण भरलेल्या टाकीत वाफेचे प्रमाण पेट घेण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त असते, तर रिकाम्या टाकीत हवा मिसळून ते नेमके स्फोटक मर्यादेत येऊ शकते. त्यामुळे टाकीला वेल्डिंग किंवा डाग देण्याचे काम केवळ टाकी व रेडिएटरच्या कामात मुरलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावे. पत्रा अनेक ठिकाणी पातळ झाला असल्यास नवी टाकी बसवणेच योग्य ठरते. टाकीच्या आत लावण्याचे लेप उपलब्ध आहेत, परंतु गंज व तेलाचा अंश पूर्ण न काढता लावलेला लेप पुढे सुटून फिल्टर तुंबवतो.

सेंडरचे बुचाचे किंवा रबराचे गॅस्केट वाळून आक्रसते. ते बदलणे सोपे व अल्पखर्चाचे काम आहे. जुन्या गाड्यांच्या झाकणात बहुधा हवा आत येण्यासाठी बारीक छिद्र असते. वास थांबवण्यासाठी हे छिद्र बुजवणे किंवा बिनछिद्राचे झाकण बसवणे ही चूक आहे. त्यामुळे टाकीत निर्वात निर्माण होऊन इंजिनाला पेट्रोल मिळेनासे होते व प्रसंगी टाकीचा पत्राही आत दबतो. झाकणाचे रबर मात्र अखंड असावे.

फोक्सवॅगन बीटलची टाकी पुढच्या डिक्कीत, प्रवाशांच्या पायांसमोर असते. तेथील तोंडाचा होज व वाफेची नळी चिरल्यास केबिनमध्ये वास येतो, हे या गाडीच्या बाबतीत सुपरिचित आहे. फोर्डच्या मॉडेल ए गाडीत टाकी डॅशबोर्डच्या पुढे उंचावर असून पेट्रोल केवळ गुरुत्वाने उतरते. अशा गाडीत नीडल व्हॉल्व्ह गळत असल्यास टाकीतील सारे पेट्रोल वाहून जाऊ शकते. म्हणून गाडी उभी करताना इंधनाची तोटी बंद करण्याची शिस्त पाळावी लागते.

नळ्या आणि होज

रबरी होज हे वासाचे सर्वाधिक आढळणारे कारण होय. वयोमानाने रबर कडक होते आणि क्लिपेजवळ बारीक चिरा पडतात. होज किंचित वाकवून पाहिल्यास त्या दिसतात. बाहेरून सुती विणीचे वेष्टन असलेल्या होजमध्ये मात्र आतील चिरा दिसत नाहीत. म्हणून असे होज दिसण्यावरून न जोखता वयावरून बदलावेत.

नवा होज घेताना त्यावर छापलेले मानक पाहावे. एसएई जे३० आर६ या मानकाचा होज कार्ब्युरेटरच्या कमी दाबासाठी असतो. आर९ मानकाच्या होजला फ्लोरोइलॅस्टोमरचे अस्तर असल्याने त्यातून वाफ अत्यल्प झिरपते व तो इथेनॉललाही अधिक तोंड देतो. होजचा आतील व्यास नळीच्या व्यासाशी जुळणारा असावा. सैल होज क्लिप जोरात आवळून बसवल्यास चिरतो. दातेरी पट्टीच्या क्लिपेपेक्षा गुळगुळीत, सर्व बाजूंनी सारखी आवळणारी क्लिप लहान व्यासाच्या होजसाठी चांगली.

पितळी फ्लेअर जोडातील बंदिस्ती नळीच्या पसरट तोंडामुळे साधते, आट्यांमुळे नव्हे. तेथे टेफ्लॉनची पट्टी गुंडाळल्याने गळती थांबत नाही. उलट पट्टीचे तुकडे नीडल व्हॉल्व्हमध्ये अडकून दुसरीच गळती सुरू होते. नळीचे तोंड चिरलेले असल्यास ते नव्याने पसरवून घ्यावे.

बीटलच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आणणारी पितळी नळी केवळ दाबून बसवलेली असते. ती कालांतराने सैल होऊन निसटते व पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडते. या गाड्यांना लागलेल्या आगींचे हे एक ज्ञात कारण आहे. ही नळी हाताने हलत असेल, तर गाडी सुरू करू नये.

पंप

यांत्रिक पंपात लवचीक पडदा असतो. तो फाटल्यास पेट्रोल पंपाच्या अंगावरील लहान छिद्रातून बाहेर ठिबकते किंवा इंजिनाच्या तेलात उतरते. बाहेर ठिबकणारे पेट्रोल एक्झॉस्टजवळ पडण्याचा धोका असतो. तेलात उतरलेले पेट्रोल तेल पातळ करते व त्यामुळे बेअरिंगांची झीज होते. पंपाचे छिद्र बुजवल्यास गळती थांबल्यासारखी वाटते, पण पेट्रोल तेलाच्या दिशेने वळते. यावर पडदा किंवा संपूर्ण पंप बदलणे, तसेच तेल व ऑइल फिल्टर बदलणे आवश्यक असते.

कार्ब्युरेटर

फ्लोट चेंबरमधील पातळी वाढून पेट्रोल ओसंडणे हा नेहमीचा दोष आहे. नीडल व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला असल्यास फ्लोट चेंबरवर हलके ठोकताच ओसंडणे थांबते. हे निदानाचे साधन आहे, उपचाराचे नव्हे. फिल्टर व चेंबर साफ करणे आवश्यक असते. नीडलच्या टोकावर झिजेचा गोल कंगोरा दिसत असल्यास ती तिच्या बैठकीसह बदलावी.

पितळी फ्लोटला छिद्र पडल्यास तो जड होऊन बुडतो. फ्लोट कानाजवळ हलवल्यास आतल्या पेट्रोलचा आवाज येतो. तो गरम पाण्यात बुडवल्यास छिद्रातून बुडबुडे निघतात व छिद्राची जागा कळते. डाग देण्यापूर्वी आतील पेट्रोल पूर्णपणे उडून जाणे अत्यावश्यक असते. डाग जाड झाल्यास फ्लोटचे वजन वाढून पातळी पुन्हा बिघडते. म्हणून नवा फ्लोट मिळत असल्यास तोच बसवावा.

इंजिन बंद केल्यावर पाणी व हवा यांचे वहन थांबते आणि बॉनेटखालील तापमान काही काळ वाढते. त्यामुळे फ्लोट चेंबरमधील पेट्रोल उकळू लागते. उन्हाळ्यात हा त्रास अधिक होतो. कार्ब्युरेटरखालील उष्णतारोधक बेकेलाइटचा ठोकळा आणि एक्झॉस्ट व कार्ब्युरेटर यांमधील पत्र्याची आड मूळ रचनेत दिलेली असते. पूर्वीच्या दुरुस्तीत ती काढून टाकली गेली असल्यास पुन्हा बसवावी.

मिश्रण आणि एक्झॉस्ट

मिश्रण प्रमाणाबाहेर गडद असल्यास एक्झॉस्टमधून काळा धूर, प्लगवर कोरडी काजळी व कच्च्या पेट्रोलचा वास ही लक्षणे दिसतात. चोकची केबल पूर्ण मागे न जाणे, तुंबलेला एअर फिल्टर किंवा निकामी प्लग ही त्याची सामान्य कारणे आहेत. एखादा सिलिंडर पेट घेत नसल्यास त्यातील न जळलेले पेट्रोल थेट सायलेन्सरकडे जाते. म्हणून मिश्रण कमी करण्यापूर्वी प्लग व ठिणगीची व्यवस्था तपासावी.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा परिणाम

भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले. त्यांपैकी मिरज व मनमाड ही दोन ठिकाणे महाराष्ट्रातील होती. २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. १० टक्क्यांचे सरासरी उद्दिष्ट २०२२ मध्ये गाठले गेले आणि फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के मिश्रणाच्या विक्रीस आरंभ झाला. ऊसउत्पादक महाराष्ट्र हे इथेनॉलनिर्मितीतील प्रमुख राज्यांपैकी एक आहे.

जुन्या गाड्यांची रचना या इंधनासाठी झालेली नव्हती. इथेनॉलमुळे जुन्या प्रकारचे रबर फुगते व मऊ पडते, बुचाची गॅस्केट व जुने लुकण सुटते, तसेच होजच्या भिंतीतून झिरपण्याचे प्रमाण वाढते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पाण्याचे प्रमाण वाढल्यास इथेनॉल व पाणी यांचा थर पेट्रोलपासून वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो आणि गंजाला चालना मिळते. कमी प्रमाणातील इथेनॉल पेट्रोलचा बाष्पदाबही वाढवते. याशिवाय ते टाकीतील जुना गंज व डिंक सोडवते आणि तो कचरा नीडल व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतो. अनेक वर्षे वास न येणाऱ्या गाडीत अलीकडे वास येऊ लागण्यामागे हे एक कारण असू शकते. इंधनाला प्रतिकार करणारे होज, पडदे व नीडल बसवणे, तसेच गाडी महिनोन्महिने अर्धवट भरलेल्या टाकीसह उभी न ठेवणे हे त्यावरील उपाय होत.

केबिनमध्ये वास शिरण्याचे मार्ग

गळती बाहेर असूनही वास केबिनमध्ये येतो, याचे कारण पत्र्यातील भोके होत. इंजिन व केबिन यांमधील पडद्यातून जाणाऱ्या तारा व केबल यांभोवतीची रबरे गळून पडलेली असतात. डिक्की व मागील आसन यांमधील पुठ्ठा फाटलेला असतो, किंवा डिक्कीच्या झाकणाचे रबर दबलेले असते. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होत असल्याने मागील भागातील वाफ व एक्झॉस्टचा धूर अशा फटींतून आत खेचला जातो. ही रबरे बदलणे आवश्यक असले, तरी तो मूळ गळतीला पर्याय नाही. केवळ फटी बुजवल्याने वास नाहीसा होतो, धोका मात्र तसाच राहतो. सुगंधी द्रव्याने वास झाकण्याबाबतही हेच म्हणता येईल.

काम करताना घ्यावयाची काळजी

• काम मोकळ्या, हवेशीर जागी करावे. तपासणीच्या खड्ड्यात उतरून इंधनव्यवस्थेचे काम करू नये.
• इंजिन पूर्ण थंड झाल्यावर आणि वाफ निघून गेल्यावर बॅटरीची ऋण तार प्रथम सोडवावी.
• विडी-सिगारेट, स्टोव्ह, ग्राइंडर व उघडा विद्युत दिवा जवळ नसावा. काचेचा तापणारा बल्ब फुटून त्यावर पेट्रोल पडल्यास आग लागते. बंदिस्त एलईडी दिवा वापरावा.
• कोरड्या रसायनाच्या भुकटीचे अग्निशामक हाताशी ठेवावे. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकल्यास पेट्रोल पाण्यावर तरंगून आग पसरते.
• तोंडाने ओढून टाकीतील पेट्रोल काढू नये. फुप्फुसात गेलेले थोडेसे पेट्रोलही प्राणघातक ठरू शकते.
• काढलेले पेट्रोल घट्ट झाकणाच्या, त्यासाठीच बनवलेल्या डब्यात ठेवावे. ते गटारात ओतू नये. भिजलेल्या चिंध्या बाहेर मोकळ्या हवेत पसरून वाळवाव्यात.

धावत्या गाडीत अचानक तीव्र वास आल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करावे आणि सर्वांनी उतरून दूर जावे. गळतीची जागा पाहण्यासाठी इंजिन पुन्हा सुरू करू नये. धूर दिसत असल्यास बॉनेट पूर्ण उघडू नये, कारण हवा मिळताच आग भडकते.

दुरुस्तीनंतरची खातरजमा

दुरुस्ती झाल्यावर प्रत्येक जोड कोरडा पुसून घ्यावा, बॅटरी जोडावी आणि अग्निशामक जवळ ठेवून काही मिनिटे इंजिन चालवावे. त्यानंतर इंजिन बंद करून जोड पुन्हा तपासावेत. दुसरी तपासणी गाडी पूर्ण तापल्यानंतर, तिसरी टाकी पूर्ण भरल्यानंतर आणि चौथी रात्रभर गाडी उभी राहिल्यानंतर करावी. या चारही प्रसंगी फडक्याला वास लागला नाही, तरच दोष दूर झाला असे मानावे. जुन्या गाडीत एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी गळती असणे असामान्य नाही. मोठी गळती थांबल्यावरच लहान गळतीचा वास वेगळा ओळखू येतो.

बदललेल्या होजची तारीख व मानक यांची नोंद गाडीच्या वहीत ठेवल्यास पुढील तपासणी सोपी होते. गाडी कमी धावली तरी रबराचे वय वाढतच असते. म्हणून वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळ्यापूर्वी, टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचा संपूर्ण मार्ग तपासणे श्रेयस्कर ठरते.

हेही पहा

• कार्ब्युरेटर
• पेट्रोल
• इथेनॉल
• प्रीमियर पद्मिनी
• हिंदुस्तान अँबेसिडर